वडील बागायतदार

माझ्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. माझा पहिला पगार किती होता, कोणत्या विषयात मी एकदा नापास झालो, कोणत्या कुशीवर झोपलो की घोरतो — सगळं माझ्या बायकोला माहीत आहे. हे माहीत नाही. मुलांना नाही, गिरणीतल्या मित्रांना नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण हे मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू का — त्यामुळेच जमतंय.

एका दमात सांगून टाकावं असं मनात येतं. पण तसं सांगितलं तर ते फार लहान दिसेल. एका फॉर्मवर दोन शब्द खोटे लिहिले. बस. कोण नाही लिहीत? तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी म्हातारपणी कागद काळे करतोय. म्हणून जरा मागून येतो.

आमचं गाव सांगोल्याच्या पलीकडचं. घर मेंढरांचं. चार एकर माळ नावावर, त्यात कुसळं सोडून काही उगवायचं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, वर्षातले आठ महिने कळप घेऊन बाहेर. आज या गावच्या शिवारात, उद्या त्या. मी घराण्यातला पहिला बी.ए. सोलापुरात राहून, लोकांच्या पोरांना शिकवून, एकवेळ जेवून झालेला बी.ए. निकाल लागल्यापासून आबांनी मला नावानं हाक मारणं सोडलं. ‘आमचं बीए’ म्हणायचे. ‘बीए, जरा पानी आन की.’ चेष्टाही असायची त्यात, अभिमानही असायचा. मला त्यातला अभिमान तेवढा ऐकू यायचा.

सत्तर साली मी सोलापुरातल्या एका गिरणीत टाइम ऑफिसला कारकून म्हणून लागलो. हजेरीचं मस्टर आणि विम्याचे फॉर्म, ही माझी कामं. विमा म्हणजे कामगारांचा विमा. पगारातून थोडी रक्कम कापली जायची, आणि त्याबदल्यात तो माणूस, त्याची बायको-पोरं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप, एवढ्यांचं दवाखान्याचं त्यातून व्हायचं. आम्ही कारकूनही त्यातच. निम्म्या कामगारांना लिहिता येत नव्हतं. साच्यावरची, म्हणजे मागावरची तेलुगू बोलणारी माणसं, आमच्याकडची माळावरची माणसं — सगळी माझ्या टेबलापुढं उभी राहायची आणि मी लिहायचो.

‘वडील आहेत का?’

‘हायत की.’

‘काय करतात?’

‘काय करत्यात! बसत्यात आन मला शिव्या देत्यात.’

मग मी लिहायचो — अवलंबून: होय. शेकडो वेळा लिहिलं असेल. माझं अक्षर चांगलं होतं.

माझा स्वतःचा फॉर्म मात्र मी पहिल्या दिवशी हेडक्लार्कच्या समोर बसून भरला. हेडक्लार्क तसे बरे गृहस्थ. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं कमी. शेजारी दोन कारकून होते. एकाचे वडील निवृत्त मास्तर, दुसऱ्याचे कोर्टात. हेडक्लार्कनी मान वर न करता विचारलं, ‘वडील काय करतात?’ मी म्हणालो, ‘बागायतदार.’

कसं आलं ते तोंडात? आजही सांगता येत नाही. कुणी मला हिणवलं नव्हतं. कुणी हसलं नव्हतं. त्या दोघांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं होतं. मी लिहिलं — वडील: बागायतदार. पुढच्या रकान्यात — अवलंबून: नाही. आणि खाली सही, बी.ए. लावून. सहीपुढं बी.ए. लावायची तिथे काही गरज नव्हती.

खोटं एकदा बोललं की पोसावं लागतं. ऑफिसात विचारायला लागले, बागायत काय म्हणते? मग मी वर्षातून दोनदा गावाहून येताना मंडईत उतरायचो, दोन डझन मोसंबी घ्यायचो, वरची कडब्याची काडी झटकायचो आणि टेबलावर ठेवायचो. ‘घरची आहेत.’ सगळे खायचे. बहात्तरच्या दुष्काळात मला बाग जाळावी लागली, म्हणजे तोंडानं. ‘विहीर आटली हो, झाडं गेली.’ दोघं कारकून माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्याच महिन्यात आबा कळप घेऊन पाणी दिसेल तिकडं चालत होते. पायात चप्पल नव्हती, कारण चपलेचा पट्टा कोकराच्या गळ्यात बांधला होता. त्यांनी कळप वाचवला. कसा, ते त्यांनाच माहीत. पण त्या कळपातून दोन पोटं भरेनाशी झाली. तेव्हापासून दर महिन्याला माझी मनिऑर्डर जाऊ लागली, आणि आईबाप त्यावर जगू लागले. आता ते खरोखर माझ्यावर अवलंबून होते. फॉर्मवर नव्हते.

चौऱ्याहत्तरला आबा चालता चालता पडले. उठले, हसले, पुन्हा चालू लागले. आठ दिवसांनी पुन्हा पडले. आईनं एका ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला आणि मी त्यांना सोलापूरला आणलं.

डॉक्टरांनी मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत पुटपुटत मोजू लागले. आबांनी हात मागं ओढला. आमच्यात जितराब तोंडानं मोजत नाहीत. मोजलं की घटतं म्हणतात. कळप नजरेनं ओळखायचा, आकडा उच्चारायचा नाही. आबा म्हणाले, ‘डागदर, मोजा, पर मनात मोजा.’ डॉक्टर हसले. मग मला बाहेर बोलावून आकडा सांगितला. छत्तीस. मिनिटाला छत्तीस ठोके. हृदयात वरून निघालेला ठोका खाली पोचेपर्यंत अडतोय, म्हणाले. चक्कर त्यानंच येते. एखादे दिवशी पडतील आणि उठणार नाहीत. औषध नाही. छातीत कातडीखाली यंत्र बसवायचं, त्याची तार हृदयात सोडायची, ते ठोका देत राहील. ते मुंबईला होतं. मोठ्या सरकारी इस्पितळात ऑपरेशनचे पैसे पडणार नाहीत, पण यंत्र आपलं आपण आणायचं. परदेशातून येतं. साडेसहा हजार. आणि त्याची बॅटरी अडीच-तीन वर्षांत संपली की यंत्रच नवं.

माझा पगार तीनशेच्या आत होता.

मी हिशेब मांडला. भविष्य निर्वाह निधीतून किती निघेल, सोसायटी किती देईल. ऑफिसातले कोर्टवाल्यांचे चिरंजीव फावल्या वेळात आयुर्विम्याची एजन्सी करायचे, त्यांनाही आडून विचारलं — छत्तीस ठोक्यांच्या माणसाचा विमा उतरवता येतो का? ते म्हणाले, ‘त्यांचा नाही. पण तुमचा लगेच उतरवून टाकू.’ सगळीकडं विचारलं मी. एक जागा सोडून.

ती जागा माझ्याच टेबलाच्या खणात होती. कामगारांच्या विम्यातून अशा यंत्राचा खर्च मिळायचा. विम्याच्या दवाखान्यानं चिठ्ठी दिली की मुंबईत यंत्र मिळायचं. वर्षभरापूर्वी एका साचेवाल्याच्या आईला मीच ती चिठ्ठी मिळवून दिली होती. मला फक्त एक अर्ज करायचा होता. माझे वडील बागायतदार नसून मेंढपाळ आहेत, ते माझ्यावर अवलंबून आहेत, तरी फॉर्ममध्ये दुरुस्ती व्हावी. खाली सही. आणि तो कागद हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवायचा.

ठेवला नाही.

नोकरी जाईल अशी भीती होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. अशा दुरुस्त्या मी दर महिन्याला करायचो. कुणी बायकोचं नाव चुकवलेलं, कुणी मेलेल्या बापाला जिवंत ठेवलेलं. कुणाची नोकरी गेली नव्हती. मला भीती होती ती मोसंबीची. ते दोघं कारकून एकमेकांकडं बघतील, त्याची. दुष्काळात खांद्यावर ठेवलेला हात त्यांना आठवेल, त्याची. एका पारड्यात आबांचे छत्तीस ठोके आणि दुसऱ्या पारड्यात हे. तुम्ही काय केलं असतंत, असं मी विचारणार नाही. मी काय केलं ते सांगतो.

आबांच्या कानावर विम्याचं आलेलं होतं. गावचा एक जण गिरणीतच होता. त्यांनी मला खोलीवर विचारलं, ‘बीए, तुज्या गिरणीचा इमा हाय म्हनं. त्यात आमी बसत न्हाय व्हय?’

मी म्हणालो, ‘ते साच्यावरच्या कामगारांना असतं, आबा. आम्हा कारकुनांना आईबाप घालता येत नाहीत. नियम नाही.’

‘व्हय? मग न्हाय म्हन की. इचारून बगितलं.’

एवढंच बोलणं. मग ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, ‘मेंढरं हायतच की आपली.’

ती रविवारी सांगोल्याच्या बाजारात गेली. मी बरोबर होतो. व्यापाऱ्याला आकडा लागतो. तो म्हणाला, ‘म्हातारबा, मोजून घ्या.’ आबांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं मला मोजायला सांगतील. पण ते स्वतःच पुढं झाले आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवत मोठ्यानं मोजू लागले. आयुष्यात पहिल्यांदा. एकसष्टला थांबले. एक लंगडी मेंढी व्यापारी घेत नव्हता, तीही आबांनी तशीच देऊन टाकली. म्हणाले, ‘येकलीला कशाला ठिवायचं.’ काठी तेवढी परत आणली.

पैसे पुरले. थोडे मी घातले. मुंबईला यंत्र बसलं आणि आबा बरे झाले. हे सांगताना आजही बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी खाटेवर बसून त्यांनी माझा हात आपल्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, ‘बग, कसं चाललंय. घोड्यावानी.’ मी मोजले. सत्तर. मी वऱ्हांड्यात जाऊन रडलो. सुटल्यासारखं वाटलं. त्यात आबा वाचल्याचा आनंद किती होता आणि अर्ज न करता निभावलं याचा किती, ते तुम्हीच समजून घ्या.

पुढची तीन वर्षं आबा दुसऱ्यांची मेंढरं वळायला रोजानं जात होते. डाव्या हातानं काही उचलायचं नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून कोकरू उजव्या काखेत घ्यायचे. साठीचा माणूस, स्वतःचा कळप राखलेला, आणि परक्याच्या पोरानं ‘ए म्हाताऱ्या, तिकडनं वळव’ म्हटलं की वळवायचा. मी दिवाळीला गेलो की मला दिसायचं. मी तेव्हाही मोसंबी घेऊनच ऑफिसात परत यायचो. होय, तेव्हाही. बाग पुन्हा लावली, असं सांगितलं होतं मी.

सत्याहत्तरला बॅटरी उतरत आली. चक्कर पुन्हा सुरू झाली. ठोके पन्नास, पंचेचाळीस. मी गावी गेलो तर आबा म्हणाले, ‘आता बास झालं. तीन साल जास्तीची मिळाली. माळ इकत कुनी घ्यायचं न्हाय आन तुजं लगीन झालंय, तुजं तू बग.’ आई चुलीपुढं बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. विकायला आता काही नव्हतं.

मी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी, भोंगा व्हायच्या आत, अर्ज लिहिला. चार ओळी. हेडक्लार्क आले तसा त्यांच्यापुढं ठेवला आणि उभा राहिलो. त्यांनी चष्मा वर सरकवला, वाचला, खण उघडून लाल पेन्सिल काढली, माझ्या जुन्या फॉर्मवर ‘बागायतदार’वर रेघ मारली आणि बाजूला सही केली. मग म्हणाले, ‘मोसंबी मंडईतली होय?’

मी मान हलवली.

‘गोड असायची,’ ते म्हणाले. ‘मला अंदाज होता. बागायतदाराचा मुलगा एका चपलेचा अंगठा तीनदा शिवून घालत नाही. बसा आता, मस्टर राहिलंय.’

ते दोघं कारकून? त्यातल्या एकानं दुपारी चहा मागवला. त्याचे आजोबा दुसऱ्यांच्या घरी पाणी भरायचे, असं तो सहज सांगून गेला. मी सात वर्षं ज्याला भीत होतो ते सगळं पाच मिनिटांत होऊन गेलं. कुणी हसलं नाही. महिन्याभरात चिठ्ठी मिळाली. आबांना मुंबईला नेलं, नवं यंत्र बसलं, आमच्या खिशातून फक्त गाडीभाडं गेलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती कधीच सांगून टाकली असती. हसत सांगितली असती. तरुणपणी काय काय करतो माणूस म्हणून.

पण आबांनी विचारलं ना. गाडीत, कुर्डुवाडीच्या पुढं, खिडकीपाशी बसून. ‘बीए, या बारीला कसं काय जमलं रं? तवा तर नियम न्हवता म्हनलास.’

तेव्हा सांगता आलं असतं. माझा कागद दुरुस्त झाला होता. लाज कुणापुढं उरली नव्हती. हेडक्लार्कपुढं मान हलवली होती तशी इथे हलवायची होती. तिथे जमलं, इथे का नाही जमलं? तिथे मला एक ओळ दुरुस्त करायची होती, आणि इथे एकसष्ट मेंढरं होती.

मी म्हणालो, ‘नियम बदलला, आबा. आता कारकुनांनाही लागू केला.’

ते खूष झाले. डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. बाहेर बघत म्हणाले, ‘तीन साल आदी बदलला असता तर मेंढरं ऱ्हायली असती बग.’ आणि लगेच, माझं तोंड उतरलं असावं म्हणून, माझ्या गुडघ्यावर थापट मारली. ‘असू दे. नियमावर काय राग धरायचा. त्याला काय ठावं, कुनाची मेंढरं जात्यात ते.’



गावात गेल्यावर ते जो भेटेल त्याला सांगायचे. गिरणीनं म्हाताऱ्यांसाठी नियम बदलला. ज्यांची पोरं गिरणीत कारकून होती त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं, कागद करून घ्या म्हणून. हेडक्लार्क साहेबांसाठी त्यांनी लोकर विकत आणून एक घोंगडी विणली. विकत आणून, कारण घरची लोकर नव्हती. मी ती साहेबांना दिली. माझ्या वडिलांनी दिलीय, म्हणालो. कशाबद्दल, ते साहेबांनी विचारलं नाही.

आबा पुढं अकरा वर्षं जगले. आणखी तीन यंत्रं बसली, सगळी विम्यातून. शेवटपर्यंत चालत होते. त्या अकरा वर्षांत मी किती वेळा त्यांच्याजवळ एकटा बसलो असेन? दर सणाला. दर आजाराला. प्रत्येक वेळी जीभ दातापर्यंत यायची आणि मी पिकापाण्याचं काहीतरी बोलायचो.

आता लिहून झालं. हलकं वाटतंय, ते कशाला लपवू. इतकी वर्षं छातीत अडकलेलं खाली उतरलं. उद्या बायकोला वाचून दाखवीन, मग मुलांना. ज्यांना सांगायचं होतं ते ऐकायला नाहीत, हे मला कळतं.

तर सरळ सांगतो. नियम कुणी बदलला नव्हता. मी कामाला लागलो त्या दिवशीही तो तसाच होता आणि मला तोंडपाठ होता. आबांची मेंढरं मी घालवली.